समोरच्या बाकावरील गृहस्थ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली आहेत. माझे शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि १९८१ पासून २०१७ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुलांना शिकविले. त्यामुळे मोठ्या माणसांसमोर बोलण्याचा मला सराव नाही. चिटणीस महाशयांनी 'आपल्या समाजाची प्रगती' हा विषय सुचविला होता. परंतु तो गेल्या वर्षी झाला, त्याच्या आदल्या वर्षीही झाला, आणि समाजाची प्रगती एका वर्षात इतकी झाली असेल असे मला वाटले नाही. म्हणून त्यांची अनुज्ञा घेऊन मी दुसराच विषय घेतला आहे. प्रवासात अनोळखी माणसाशी बोलावे की बोलू नये, आणि बोलले तर काय पदरी पडते, एवढाच तो विषय आहे.

ज्या मंडळाचा हेतूच मुळी आपल्या माणसांना एकत्र आणण्याचा, तेथे परक्या माणसाचे गुणगान कशाला, असे कित्येकांच्या मनात येईल. ते येणे स्वाभाविक आहे. तरीही आपण थोडा वेळ ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

माझे वडील शेतकरी होते. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी एस. टी.ने साताऱ्यास अगर पुण्यास जात. मी प्रथम एकटा प्रवासास निघालो तेव्हा त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. कोणी विचारले तर गाव सांगावे. काम सांगू नये. आणि कोणाच्या हातचे खाऊ नये. ह्यातल्या शेवटच्या वाक्याला दोन अर्थ होते. एक अर्थ चोरापासून सावध राहण्याचा. दुसरा अर्थ कोणता, हे येथे बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना सांगण्याची आवश्यकता नाही. मी तीस वर्षे ते दोन्ही अर्थ पाळले. प्रवासात वर्तमानपत्र उघडावे, ते वाचून संपले की पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे, आणि उतरण्याचे ठिकाण आले की उतरावे, असा माझा क्रम असे. लोक मला गंभीर प्रकृतीचा मनुष्य समजत.

२००९ साली आमच्या कन्येचा विवाह झाला. स्थळ गोंदियाचे. ते आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक शाखेनेच सुचविले होते, हे उपकार मी विसरलेलो नाही. परंतु कऱ्हाड कोठे आणि गोंदिया कोठे! सुदैवाने मध्ये गाडी बदलावी लागत नाही. कोल्हापूरहून दुपारी निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सायंकाळी गोंदियास पोहोचते. सुमारे १३५० किलोमीटरची ही वाट राज्याची सीमा न ओलांडता पार पडते. कृष्णाकाठचा ऊस, जेजुरीचा माळ, रात्री दौंड आणि मनमाड, पहाटे खानदेशातील केळी, त्यानंतर वऱ्हाडातील कापूस आणि अखेरीस धानाची खाचरे. भूगोलाचा शिक्षक म्हणून हे सारे मी नकाशावर शेकडो वेळा दाखविले होते. डोळ्यांनी पाहिले ते त्या वर्षी, वयाच्या पन्नाशीत.

त्या पहिल्याच प्रवासातील एक गोष्ट मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही. ती आज सांगतो.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी आणि पत्नी लेकीकडे निघालो होतो. पुण्याला आमच्या समोरच्या बाकावर एक गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्यास टोपी, बरोबर सहा-सात वर्षांची नात. रात्री बोलणे झाले नाही. सकाळी भुसावळ मागे पडल्यावर त्यांनी आपण होऊन विचारपूस केली. मी शिक्षक आहे हे कळताच त्यांना फार आनंद झाला. नातीस उठवून त्यांनी मला नमस्कार करावयास लावला. मग मी त्यांचे आडनाव विचारले.

बंधूंनो, आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे नाव विचारणे नव्हे, हे आपण सर्व जाणतो. त्यांनीही ते जाणले असावे. क्षणभर थांबून त्यांनी आडनाव सांगितले. ते येथे उच्चारण्याचे कारण नाही. मी 'बरं' म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. काही वेळाने त्यांनी बाकावर वर्तमानपत्र पसरून न्याहारीची तयारी केली. ज्वारीची भाकरी, ठेचा, जवसाची चटणी आणि कांदा. एका भाकरीवर चटणी घालून ती त्यांनी माझ्यापुढे धरली व म्हणाले, "घ्या गुरुजी." मी म्हणालो, "आज माझा उपवास आहे."

माझा उपवास नव्हता. पत्नी त्या वेळी तोंड धुण्यास गेली होती, त्यामुळे तिला ह्यातले काही ठाऊक नव्हते. अकोला आले तेव्हा तिने आमचा डबा उघडला आणि नेहमीप्रमाणे पोळी-भाजी माझ्या हातात दिली. मला ती घेताही येईना आणि परतही देता येईना. समोरच्या मुलीने विचारले, "आबा, गुरुजींचा उपवास सुटला का?" त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "त्यांना औषध घ्यायचं असेल बाळा. औषधाआधी खावं लागते."

म्हणजे मी खोटे बोललो ते त्यांना समजले होते, आणि नातीसमोर गुरुजी खोटा ठरू नये म्हणून ते स्वतः खोटे बोलले. बडनेऱ्यास ते उतरले. उतरताना दोघांनीही हात जोडले. मी त्यांचे गावसुद्धा विचारले नव्हते. पत्नीस सारे सांगितल्यावर ती वर्ध्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. रोज सकाळी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. रेल्वेत तिकिटाचे वर्ग असतात, पण जातीचे डबे नसतात. दीडशे वर्षांत गाडीने सर्वांना एका बाकावर आणून बसविले. पुढचे काम गाडीचे नव्हते.

त्यानंतर दरसाल एकदा, कधी दोनदा, आम्ही त्या गाडीने जातो. मी वर्तमानपत्र घेणे सोडून दिले. प्रारंभी मला बोलता येत नसे. वर्षानुवर्षे ज्याने केवळ प्रश्न विचारले आणि उत्तरे तपासली, त्यास साधे संभाषण जड जाते. समोरचा बोलू लागला की त्याचे व्याकरण दिसू लागे. तीही खोड एका प्रवासानेच मोडली. २०११ साली मलकापूरला एक वृद्ध बाई डब्यात चढल्या. पाच-दहा मिनिटे माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "काहून बोलून नाही राह्यले जी?" त्यांनी हे इतक्या मायेने विचारले की मला उत्तर द्यावेच लागले. परंतु 'काहून' हा शब्द कानी पडताच मला एका विद्यार्थ्याची आठवण झाली. वडिलांच्या बदलीमुळे तो विदर्भातून आमच्या शाळेत आला होता. 'का' ऐवजी 'काहून' म्हणे. मी त्यास वर्गासमोर उभे करून दहा वेळा शुद्ध वाक्य म्हणावयास लावले. मुले हसली. पुढे वर्षभर तो वर्गात फारसा बोलला नाही, आणि मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत स्वभाव' असा शेरा लिहिला.

हे मी त्या बाईंना सांगितले. शेजारी महाविद्यालयातील एक प्राध्यापक बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, मराठीतला पहिला गद्यग्रंथ कोणता?" मी लगेच उत्तर दिले, "लीळाचरित्र. कर्ता म्हाइंभट. तेरावे शतक." त्यांनी पुढे विचारले, "तो कोठे लिहिला गेला?" हे मात्र मला सांगता येईना. ते म्हणाले, "ऋद्धपुरास. आमच्या अमरावती जिल्ह्यात." एवढे बोलून ते थांबले. अधिक काही बोलले असते तर मला राग आला असता. ते थांबले म्हणून माझ्या मनाला लागले.

तिसरी गोष्ट आपणां सर्वांस अधिक आवडेल, कारण तिच्यात माझी फजिती कमी आहे. चौथीच्या मुलांना मी कित्येक वर्षे एक प्रश्न घालीत असे. 'तलावांचा जिल्हा कोणता?' उत्तर: भंडारा. गुण एक. हे तलाव कोणी खणले, कशासाठी, आणि त्याच जिल्ह्यात का, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणास विचारले नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, एवढे टिपण मी पाठ्यपुस्तकाच्या समासात करून ठेवले होते. माझे संशोधन तेवढ्यावर थांबले.

२०१४ च्या पावसाळ्यात नागपूरला एक शेतकरी गृहस्थ आमच्या डब्यात आले. ते कोहळी समाजाचे होते. ह्या खेपेस आडनाव मी विचारले नव्हते. आपला समाज त्यांनी आपण होऊन सांगितला, तोही अभिमानाने, कारण त्यांच्या पूर्वजांचा धंदाच तलाव बांधण्याचा होता. भंडारा रोड ते तिरोडा ह्या वाटेवर त्यांनी मला जे सांगितले ते मी वहीत उतरून घेतले आहे. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्यास जमीन मिळे. कोहळी मंडळी जमिनीचा उतार पाहून जागा हेरीत. दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीने अडविली की वरच्या रानातील पाणी साठे. पाळीतून पाट काढून ते खालच्या धानास देत. तलाव भरून वाहू लागला की जादा पाणी वाया जात नसे. ते खालच्या गावच्या तलावात जाई, तेथून त्याच्या खालच्या बोडीत. बोडी म्हणजे लहान तळे. अशी गावोगावची तळी एकमेकांना जोडलेली. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकीत, म्हणजे तलाव खोल राही आणि शेतासही खत मिळे. पाण्यातील मासे ढीवर लोकांचे. धान, मासे, गुरांचे पाणी आणि विहिरींचे झरे, सारे एका पाळीवर अवलंबून.

मी विचारले, "मग हे तलाव आता गाळाने का भरले?" ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले की, १९५१ साली माळगुजारी संपली. ती संपली हे योग्यच झाले, कारण माळगुजाराची वेठ कोणास हवी होती? परंतु तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढण्याचे काम नेमके कोणाचे, ह्याचा निर्णय होईना. जे सर्वांचे झाले ते कोणाचेच राहिले नाही. बेशरमीची झाडे माजली. पाळीवर अतिक्रमणे झाली. अलीकडे काही गावांनी पुन्हा हाती घेऊन तलाव साफ केले, मासे परत आणले, त्यात ढीवर स्त्रियांचा पुढाकार मोठा आहे, असेही त्यांनी सांगितले. तिरोड्यास ते उतरले. फलाटावरून खिडकीजवळ येऊन म्हणाले, "नवेगाव बांध बघून घ्या, गुरुजी. नाही बघितला तर भंडारा शिकवू नका."

जावईबापूंनी मला तेथे नेले. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. मी पाळीवर उभा राहिलो आणि तासभर कोणाशी बोललो नाही. परत आल्यावर चौथीच्या मुलांना शाळेच्या आवारातील उतारावर तीन खड्डे खणावयास लावले, एकाखाली एक, मध्ये पाट. वरून बादलीभर पाणी ओतले. पहिला भरला, दुसरा भरला, तिसऱ्यात पाणी पोहोचले तेव्हा मुले ओरडली. माझ्या नोकरीची तीन वर्षे उरली होती. तीन वर्षे मी तो पाठ तसाच शिकविला.

हे ज्ञान मला कोणत्या पुस्तकात मिळाले नसते काय? मिळाले असते. परंतु ते पुस्तक मागावयास मी गेलो नसतो, कारण माझ्याजवळ प्रश्नच नव्हता. आपणास काय ठाऊक नाही हे परका मनुष्य जितके लवकर दाखवितो तितके आपला मनुष्य दाखवीत नाही. आपली माणसे आपल्याइतकेच जाणतात, आणि न जाणण्याच्या जागाही त्यांच्या-आपल्या सारख्याच असतात.

मोठ्या माणसांची उदाहरणे पाहिजे असतील तर तीही आहेत. वरसईचे विष्णुभटजी गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले. महूच्या छावणीनजीक शिपायांकडून त्यांना बंडाची वार्ता कळली, पुढे ते झाशीच्या वेढ्यात सापडले. वाटेत पाहिलेले-ऐकलेले त्यांनी उतारवयात लिहून ठेवले म्हणून १९०७ साली चिंतामणराव वैद्यांस 'माझा प्रवास' प्रसिद्ध करता आला. दक्षिणा फारशी हाती लागली नाही, पुस्तक राहिले. गांधीजी १९१५ साली आफ्रिकेतून परतले तेव्हा नामदार गोखल्यांनी त्यांस वर्षभर देश पाहावयास सांगितले, आणि ते तिसऱ्या वर्गाने हिंडले. पण मोठ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो आणि सोडून देतो, म्हणून त्या मी लांबवीत नाही.

भगिनींविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. माझी पत्नी म्हणते की, तुम्ही पुरुष आधी आडनाव विचारता, आम्ही लेकरे किती ते विचारतो. हे मी पडताळून पाहिले आहे. दौंड येण्यापूर्वी तिला समोरच्या बाईच्या सुनेचे माहेर, गुडघ्याचे दुखणे आणि लोणच्याचे प्रमाण ठाऊक झालेले असते. गोळाभात आणि पाटवडीचा रस्सा ती गाडीतच शिकली. लेकीच्या सासरी पहिल्या खेपेस तिने गोळाभात केला तेव्हा विहीणबाई म्हणाल्या की आता सोयरीक पक्की झाली. त्यांना हा पदार्थ कोणी शिकविला हे मात्र आम्ही सांगू शकलो नाही. त्या बाईंचे नाव पत्नीने विचारले नव्हते.

माझ्या बोलण्याचा कोणी विपर्यास करू नये. बिस्किटात गुंगीचे औषध घालून लुटणारे लोक असतात. तरुण मुलींना नको त्या चौकशा करणारे असतात. आपला पत्ता, पैशांची बाब, बँकेचे आकडे परक्यास सांगू नयेत. भ्रमणध्वनीवर तर मुळीच सांगू नयेत. मुलीबाळींनी मन सांगेल तेथे सरळ उठून जागा बदलावी, त्यात उद्धटपणा काही नाही. वडिलांच्या त्या वाक्याचा पहिला अर्थ मी अजूनही मानतो. दुसरा मात्र मी सोडला आहे.

हल्ली तरुण मंडळी गाडीत बसली की कानांत यंत्रे घालतात आणि गोंदियापर्यंत मान वर करीत नाहीत, असे म्हणून म्हातारे त्यांना दोष देतात. मी देत नाही. मी वर्तमानपत्र धरीत होतो, ते यंत्र धरतात. शिवाय मागे एका तरुणाने कानातले काढून मला आपण होऊन विचारले, "काका, चार्जिंगचं काही आहे का?" माझ्याजवळ नव्हते. परंतु त्यावरून जे बोलणे निघाले ते मनमाडपर्यंत पुरले, आणि द्राक्षांच्या बागेस औषध केव्हा मारतात व केव्हा मारू नये, ह्याचे ज्ञान मला झाले.

बडनेऱ्यास उतरलेले गृहस्थ मला पुन्हा भेटले नाहीत. त्यांचा शोध घेण्यास माझ्याजवळ काही साधन नाही. एक आडनाव आहे, आणि त्या आडनावाची सहस्रावधी माणसे असतील. ती मुलगी आता बावीस-तेवीस वर्षांची असेल. औषधाची गोष्ट तिला तेव्हा खरी वाटली की नाही, आणि मोठी झाल्यावर तिला उमगली की काय, हा विचार दर खेपेस अकोला जवळ आले की माझ्या मनात येतो. म्हणून पत्नीने दिलेला डबा मी अकोल्यास उघडतो आणि आधी समोर धरतो.

गेल्या कार्तिकात मी एकटाच निघालो होतो. समोर साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. अकोल्यास मी डबा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि म्हणाले, "माझा आज उपवास आहे." तो खरा होता की कसा, हे मी विचारले नाही. त्यांनी माझे आडनाव आधीच विचारले होते. मी डबा मिटला नाही, मध्ये तसाच ठेवला. त्यांनी काही घेतले नाही. मूर्तिजापूर आले तेव्हा मी त्यांना यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला गाडीविषयी विचारले, कारण ती आता बंद आहे. लहानपणी ते तिने शाळेत जात असत. नागपूर येईपर्यंत ते त्या गाडीचेच सांगत होते.